बत्तीस वर्षांचा माणूस : सोलापुरातल्या एका तक्त्याचं प्रकरण

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जन्म १० ऑक्टोबर १९१०, मृत्यू ९ डिसेंबर १९४२, चीनमध्ये. सोलापुरातल्या शाळेत वाढलेल्या पोराला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात १० ऑक्टोबरला एक लहानसं प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा अकरावीच्या चार मुलांनी विषय घेतला : भारत, चीन, जपान आणि श्रीलंका या देशांत माणूस किती जगायचा आणि आता किती जगतो. चीन घेतला कारण जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींवर उपचार करायला डॉक्टर तिथे गेले होते. जपान घेतला कारण लढाई त्याच्याशी होती. श्रीलंका एका मुलाने क्रिकेटच्या प्रेमापोटी घुसडली, आणि तीच निवड सगळ्यांत कामाची ठरली.

मी तिथे संख्याशास्त्र शिकवतो. तक्ता भिंतीवर जाण्याआधी माझ्या नजरेखालून गेला होता, त्यामुळे पुढे जे झालं त्यात पहिला वाटा माझा.

तक्ता दिसायला झकास होता. पांढऱ्या कार्डशीटवर चार रंगांच्या चार रेघा, वर डॉक्टरांचा फोटो, आणि फोटोखाली लाल स्केचपेनने ठसठशीत ओळ : 'तेव्हा भारतीय माणूस सरासरी ३२ वर्षं जगायचा. डॉ. कोटणीसही ३२ वर्षंच जगले.' वाचताना मलाही ती भावली होती. १९४१ ते १९५१ या दशकाचं भारताचं जन्मावेळचं आयुर्मान सुमारे ३२ वर्षं हे खरं. डॉक्टर बत्तीस वर्षं दोन महिन्यांचे होऊन गेले हेही खरं. दोन खरी वाक्यं शेजारी ठेवली की तिसरं खोटं वाक्य वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप तयार होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आणून दिलं एका आजोबांनी. तक्ता काढणाऱ्या चौघांतली एक मुलगी पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतली, घरी चार यंत्रमाग, आई विड्या वळते. तिचे आजोबा पूर्वी गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. नातीचं काम बघायला ते धुतलेला सदरा घालून आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले,

"काय ओ सर, माणूस बत्तीसला जायचा म्हन्ता. मग आमच्या घरात म्हातारी मानसं कुठनं आली? माझी आज्जी पंच्याऐंशीची होऊन गेली. गल्लीत पन्नास म्हातारे होते बघा त्या टायमाला."

मुलं हसली. मी नेहमीचं उत्तर दिलं, की आजोबा, सरासरी आहे ती, काही कमी जगतात, काही जास्त. आजोबांनी मान डोलावली, पण ती पटलेल्या माणसाची मान नव्हती. "सरासरी म्हन्जे मधली की ओ. मग बत्तीसच्या आसपास लई मानसं मरायला पायजेत. तसं कुठं बघितलं नाही आमी."

त्या क्षणी माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तक्ता उतरवला आणि आम्ही पाच जण स्टाफरूममध्ये बसलो.

रेघा कुठून आल्या

आधी मी मुलांना विचारलं, आकडे कुठून आणले? चौघांनी एकेक देश वाटून घेतला होता आणि चौघांनी चार ठिकाणी हात घातला होता.

भारताचे आकडे जनगणनेवरून काढलेले, दहा-दहा वर्षांचे. १९११ ते २१ या दशकाचा सुमारे २०, नंतर चढत चढत ३२, १९५१ ते ६१ ला ४१ च्या आसपास. १९७० नंतरचे नमुना नोंदणीचे (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद), म्हणजे ज्याला सगळे एसआरएस म्हणतात त्याचे, पाच-पाच वर्षांच्या सरासरीने : १९७०-७५ ला ४९.७, २०१६-२० ला ७०. चीनचे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजातले, प्रत्येक वर्षाचा वेगळा. श्रीलंकेचेही तिथलेच, पण जुन्या आवृत्तीतले. जपानचे त्यांच्या सरकारी आयुर्मान सारणीतले, अगदी दोन दशांशांपर्यंत काटेकोर, १९४७ ला ५३.९६ आणि २०२० ला ८७.७४.

हा शेवटचा आकडा बघून मी थांबलो. जपानचं सगळ्यांचं मिळून आयुर्मान ८७ कधीच नव्हतं. २०२० ला पुरुषांचं ८१.६४ होतं. पोराने सारणीतला बायकांचा रकाना उचलला होता.

"काय बे, तुझा जपान लेडीजचा हाय की!" श्रीलंकावाला म्हणाला, आणि पाच मिनिटं कुणीच काम केलं नाही.

पण गंमत बाजूला ठेवली तर ही चूक मोठी होती. जपानच्या बायका आणि भारतातली सगळी माणसं यांची तुलना करून आम्ही दोन देशांमधलं अंतर तीन वर्षांनी फुगवलं होतं. शिवाय बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात हे आपण गृहीत धरतो, ते भारतात बराच काळ खरं नव्हतं. १९७०-७५ च्या एसआरएसमध्ये पुरुषांचं आयुर्मान ५०.५ आणि बायकांचं ४९. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुठे बायकांनी पुरुषांना गाठलं. अन्न-औषध-पाणी साधारण सारखं मिळालं तर बाई जास्त जगते, जगभरचा अनुभव तसा आहे. आपल्याकडे ती कमी जगत होती याचा अर्थ काय, तो विषय स्वतंत्र तक्त्याचा आहे. विड्या वळणाऱ्या आईची ती मुलगी हे आकडे वहीत उतरवून घेत होती. मी काही बोललो नाही.

दहा धागे

आता आजोबांचा प्रश्न. बत्तीसला कुणी मरत नसेल तर बत्तीस आलं कुठून?

फळ्यावर सूत्र मांडून सांगता आलं असतं. एखाद्या वर्षी प्रत्येक वयात हजारामागे किती माणसं मेली ते घ्यायचं, आणि एक काल्पनिक पिढी जन्मापासून शेवटापर्यंत त्याच मृत्युदरांखालून चालवायची. ती पिढी सरासरी जितकी जगेल ते त्या वर्षाचं आयुर्मान. एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, त्याने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून अशी सारणी केली होती, तेव्हापासून गाभा तोच आहे. पण हे ऐकून आजोबांनी पुन्हा तशीच मान डोलावली असती.

मुलगी म्हणाली, "सर, सूत आणू का घरनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवीतून लाल सुताचा एक कोन घेऊन आली. एका वर्षाला एक सेंटिमीटर असं माप धरलं आणि एका काठीला दहा धागे बांधले. दहा जीव. हे आकडे कुठल्या नोंदीतले नाहीत, समजण्यासाठी आम्हीच रचले. तीन मुलं वर्षाच्या आत गेली, त्यांच्या जागी काठीवर नुसती गाठ. एक पाचव्या वर्षी गेलं, पाच सेंटिमीटरचा धागा. बाकी सहा जण अनुक्रमे ३०, ४०, ४५, ५५, ६० आणि ८५ वर्षं जगले. बेरीज ३२०, भागिले दहा, ३२.

बत्तीस सेंटिमीटरचा धागा त्या काठीवर एकही नव्हता. आजोबांची पंच्याऐंशी वर्षांची आज्जी मात्र होती, टोकाला लोंबकळत. जे सहा वाचले त्यांची सरासरी काढली तर साडेबावन्न येते. म्हणजे गल्लीतले म्हातारे खरे आणि बत्तीसही खरं.

मग मुलांनी त्याच काठीवर खेळ केला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी जागा ही. समजा, मोठ्या सहाही जणांना प्रत्येकी पाच वर्षं जास्त दिली. औषधं सुधारली, जेवण सुधारलं, म्हातारपण लांबलं. तर सरासरी होते ३५. आता ते परत घेऊ आणि फक्त तीन गाठी सोडवू. ती तीन मुलं वाचली आणि बाकीच्या सहांसारखीच सरासरी साडेबावन्न वर्षं जगली असं धरू. सरासरी जाते ४८ च्या जवळ. एकाही म्हाताऱ्याचं आयुष्य एक दिवसानेही वाढलेलं नाही आणि देशाचा आकडा सोळा वर्षांनी वर गेला.

विसाव्या शतकात गरीब देशांच्या रेघा जिथे एकदम उसळी घेतात तिथे बहुतेक वेळा अशा गाठी सुटलेल्या असतात. भारतात १९७१ साली हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० ला २८. यामागे देवी-गोवर-पोलिओच्या लसी आहेत, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी आहे, दवाखान्यातली बाळंतपणं आहेत, स्वच्छ ब्लेडने कापलेली नाळ आहे. नवजात बाळाचा धनुर्वात पहिल्या दोन आठवड्यांतच गाठायचा. आपल्याकडे पाचवी पूजतात, सटवाईला जागवतात, ते नेमके तेच दिवस. ती भीती पोकळ नव्हती. तो धनुर्वात देशातून जवळपास हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते २०१५ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा.

किती झाली, किती राहिली

धाग्यांची काठी आजोबांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ त्या तीन गाठी चाचपत उभे राहिले. मग मीच विचारलं, "आजोबा, तुमच्या आईला मुलं किती?"

"सहा."

"झाली किती?"

"झाली अकरा. राहिलो सहा."

मराठीत हा प्रश्न दोन भागांत विचारायची पद्धत जुन्या बायकांकडे अजून आहे : किती झाली, किती राहिली. नुसतं 'किती मुलं' विचारलं की उत्तरात राहिलेलीच येतात. भिंतीवरच्या फोटोत तीच असतात, लग्नाच्या पत्रिकेत तीच, रेशनकार्डावर तीच. गेलेल्यांपैकी काहींना तर नावही ठेवलेलं नसायचं. आजोबा त्यांच्या घराकडे बघून बोलत होते तेव्हा त्यांच्या हिशेबात पाच जीव धरलेलेच नव्हते, आणि सरकारी आकड्याने नेमके तेच धरले होते.

नावांतही याचा माग लागतो. धोंडू, दगडू, भिकू, केरबा. मूल जगत नाही म्हटल्यावर पुढच्याला असं नाव ठेवायचे, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. मुलांना हे माहीत नव्हतं. वर्गातल्या एकाच्या पणजोबांचं नाव दगडू होतं, आणि त्यावरून तो आजवर चिडवून घेत आला होता.

यानंतर फोटोखालची ओळ काढायची यावर वाद उरला नाही. खुद्द कोटणीसांच्या बाबतीत ती सगळ्यांत खोटी होती. १९१० साली जन्मलेलं मूल. त्याने तान्हेपण पार केलं, प्लेगच्या काळातलं बालपण पार केलं, आठव्या वर्षी १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ पार केली. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली आणि १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेली निघाली. इतक्या चाळण्यांतून वाचून डॉक्टर झालेला माणूस बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी गेला, तर तो सरासरी इतका जगला असं म्हणता येणार नाही. अकाली गेला. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान चीनमध्ये २०१२ पर्यंत होत्या, शहाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. एकाच घरात बत्तीस आणि शहाण्णव.

बुजलेला खड्डा आणि एक उसळी

चीनची रेघ काढणाऱ्या मुलाची वेगळीच तक्रार होती. त्याच्या रेघेत १९६० च्या आसपास विहिरीसारखा खड्डा होता, तिशीच्या थोडं वर गेलेला. आधी ती छपाईची चूक समजून त्याने तो ठिपका गाळला होता. नंतर मनाला लागलं म्हणून पेन्सिलने परत टाकला.

खड्डा खरा होता. १९५९ ते ६१ चा चीनमधला दुष्काळ. माओच्या 'मोठ्या झेपे'त शेतीची घडी मोडली, धान्याचे फुगवलेले आकडे वर कळवले गेले, आणि नसलेलं धान्य गावांतून वसूल झालं. किती माणसं गेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

आता मौज बघा. संयुक्त राष्ट्रांचे आकडे पूर्वी पाच-पाच वर्षांच्या सरासरीने यायचे, एकेका वर्षाचे यायला लागले ते २०२२ च्या आवृत्तीपासून. पाच वर्षांच्या सरासरीत हा खड्डा बहुतेक बुजूनच जायचा. चीनची रेघ अलगद वर चढताना दिसायची. आमच्या तक्त्यावर चीन वर्षावर्षाचा होता आणि भारत दहा वर्षांचा, त्यामुळे चीनचे खड्डे दिसत होते आणि आपले झाकले गेले होते. १९१८ चं एकच वर्ष वेगळं काढलं असतं तर भारताच्या रेघेतही विहीर दिसली असती. दशकाच्या सरासरीत तिचं वीसचं डबकं झालं.

मुलांनी विचारलं, "सर, १९६० साली चीनमध्ये जन्मलेली सगळी माणसं तिशीत मेली का?" नाही. आयुर्मानाचा आकडा हा त्या एका वर्षातल्या मरणांचा फोटो असतो. तसंच वर्ष आयुष्यभर राहिलं तर काय होईल, एवढंच तो सांगतो. रवांडात १९९४ साली वंशसंहार झाला, त्या वर्षाचं आयुर्मान संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजात पंधराच्याही खाली आहे. त्या साली जन्मलेली आणि वाचलेली मुलं आज तिशीत आहेत. आपल्याकडचंच बघायचं तर २०२२ च्या आवृत्तीत भारत २०१९ ला ७०.९ आणि २०२१ ला ६७.२ आहे. करोनाची दुसरी लाट सोलापुरात ज्यांनी पाहिली त्यांना हा खड्डा समजावून सांगायची गरज नाही. आमच्या भारताच्या रेघेत तोही नव्हता, कारण २०१६-२० ला ती संपत होती.

श्रीलंकेकडे उलटं. १९४६ ला तिथे वर्षाला हजार माणसांमागे मृत्यू वीसच्या आसपास होते, १९४७ ला चौदा. एका वर्षात. डीडीटीची फवारणी आणि हटत गेलेला हिवताप हे कारण नेहमी दिलं जातं, आणि ते काही अंशी खरं आहे. १९३४-३५ च्या साथीत हिवतापाने तिथे सुमारे ऐंशी हजार माणसं मारली होती, त्यामुळे तो आटोक्यात आल्याचा फरक दिसणारच. पण नुसत्या फवाऱ्याने रेघ पुढची पन्नास वर्षं वर राहत नाही. मोफत शिक्षण, रेशनचा तांदूळ, गावापर्यंत पोचलेले दवाखाने आणि शिकलेल्या बायका, हे सगळं त्या फवाऱ्याच्या मागे उभं होतं. देश श्रीमंत झाला नव्हता. क्रिकेटवाल्या पोराला मी म्हटलं, तुझी ही रेघ नसती तर तक्ता बघणारा प्रत्येक जण म्हणाला असता, पैसा आला की आयुष्य वाढतं, संपलं. श्रीलंका तसं म्हणू देत नाही. केरळही देत नाही. २०१४-१८ च्या एसआरएसमध्ये केरळ ७५.३, छत्तीसगड ६५.२, आपला महाराष्ट्र ७२.५. एका देशाच्या पोटात दहा वर्षांचं अंतर, आणि आमच्या तक्त्यावर भारत म्हणून एकच केशरी रेघ.

पट्टी आडवी धरली तेव्हा

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवीन तक्ता तयार होत आला. ऑक्टोबरचं ऊन, स्टाफरूमचा पंखा नुसता फिरत होता. जपान आता पुरुष-बायका मिळून घेतला : १९४७ ला ५० आणि ५४, म्हणजे साधारण ५२. २०२० ला साधारण ८४.७. मी मुलांना म्हटलं, बघा, १९४७ च्या सुमारास भारत आणि जपान यांच्यात वीस वर्षांचं अंतर होतं. आता पावणेपंधरा. अंतर कमी होतंय, हे खाली लिहा.

मी स्टीलची पट्टी उभी धरून हे दाखवत होतो. त्या मुलीने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि आडवी ठेवली, पन्नासच्या रेषेवर.

"सर, जपान पन्नासला कधी होता?"

"सत्तेचाळीसच्या आसपास."

"आपण?"

१९७०-७५. म्हणजे पंचवीस वर्षं मागे. तिने पट्टी वर सरकवली, सत्तरवर. जपान तिथे १९६५ ला होता. पुरुष ६७.७, बायका ७२.९. आपण २०१६-२० ला. त्रेपन्न वर्षं मागे.

खोलीत कुणी बोललं नाही. उभं वाचलं तर आपण जपानच्या जवळ सरकलो होतो. आडवं वाचलं तर लांब गेलो होतो. आकडे तेच, तक्ता तोच. पन्नासवरून सत्तरवर जायला जपानला अठरा वर्षं लागली आणि आपल्याला पंचेचाळीस.

मी वीस वर्षं हा विषय शिकवतोय, पण तक्ता असा आडवा वाचायचं मला सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. दोन्ही वाचनं बरोबरच आहेत, फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. उभं वाचन विचारतं, आज दोघांत फरक किती? आडवं विचारतं, त्यांनी जे केलं ते आपण किती वर्षांनी केलं? जपानचा वेगही १९८० नंतर मंदावला, म्हणून उभं अंतर आटलं. तिथे गाठी सोडवायच्या शिल्लकच नाहीत, हजार बाळांमागे दोनच्या आसपास जातात. आता त्यांचं प्रत्येक वाढीव वर्ष सत्तरी-ऐंशीतल्या माणसांकडून येतं, आणि ते पंचावन्नवरून साठवर जाण्यापेक्षा फार कष्टाचं आहे. म्हणून केवळ 'किती वर्षांनी वाढलं' यावर देशांना शर्यतीत उभं करणं मला पटत नाही. वेगवेगळ्या मजल्यांवरच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीच्या असतात.

चीन आडवा वाचला तर तोही बोलका निघतो. त्यांच्या जनगणनांनुसार १९८१ ला ६७.८, १९९० ला ६८.६, २००० ला ७१.४. म्हणजे सत्तर त्यांनी नव्वदच्या दशकात ओलांडलं, आपल्या वीसेक वर्षं आधी. आणि १९८१ ते ९० या नऊ वर्षांत ते जेमतेम एका वर्षाने पुढे सरकले, तेही अर्थव्यवस्था धावत असताना. हे वाक्य मुलांनी तक्त्यावर घातलं नाही. मी आग्रह धरला नाही, जागा संपली होती.

दुसऱ्यांदा भिंतीवर

नवीन तक्त्यावर फोटोखाली फक्त जन्म-मृत्यूच्या तारखा राहिल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला तिचे आकडे कशाचे, दहा वर्षांचे की एका वर्षाचे, ते बारीक अक्षरात. शेजारी खिळ्याला धाग्यांची काठी. लोक तक्त्यापेक्षा काठीपाशीच जास्त थांबले. चादरी विणणाऱ्या गावात सुताला कुणीही आधी हात लावून बघतंच.

आजोबा त्या दिवशीही आले. या वेळी त्यांनी भारताच्या रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.

"सत्तर. आन मी चौऱ्याहत्तरचा. म्हन्जे माझा नंबर होऊन गेला म्हना की."

या प्रश्नाला मात्र मी तयार होतो. सत्तर हा पाळण्यातल्या बाळासाठीचा आकडा. ज्याने साठी गाठली त्याच्यासाठी हिशेब नव्याने सुरू होतो, भारतात साठीच्या माणसापुढे सरासरी आणखी सुमारे अठरा वर्षं असतात. जपानमध्ये पुरुषाला चोवीसेक, बाईला एकोणतीसेक. चौऱ्याहत्तरच्या माणसाचा आकडा आणखी वेगळा. लोक निवृत्तीचे पैसे 'सत्तरपर्यंत पुरले म्हणजे झालं' असं धरून लावतात, तिथे हीच चूक त्यांना महागात पडते, हेही मी त्यांना सांगितलं. आजोबांनी यंत्रमाग मुलाच्या नावावर करून टाकलेत की नाही ते मी विचारलं नाही.

ते काठीपाशी गेले, सगळ्यांत लांब धागा हातात धरला आणि नातीला तेलुगूत काहीतरी म्हणाले. ती हसली. काय म्हणाले विचारल्यावर तिने सांगितलं, "सूत कच्चं आहे म्हणतात सर."

तक्ता अजून आमच्या स्टोअररूममध्ये गुंडाळून ठेवलेला आहे. या वर्षी नव्या मुलांना दाखवायला काढला तेव्हा त्यात राहिलेली एक चूक सापडली. १९४१ ते ५१ चा ३२ चा ठिपका आम्ही १९५१ वर टाकला होता. तो दशकाच्या मधोमध, १९४६ च्या जवळ हवा. जनगणनेच्या सगळ्या ठिपक्यांचं तसंच झालंय, म्हणजे भारताची जुनी रेघ पाच वर्षं उजवीकडे सरकलेली आहे. सध्या त्यावर पेन्सिलने बाण काढून ठेवले आहेत.